तू सांगितलेली भेट

जयरामा,

देवळाच्या मंडपात तुझी शोकसभा झाली, तेव्हा शेवटचा वक्ता मी होतो. वीस-बावीस मिनिटं बोललो. नंतर सरपंचांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "मास्तर, असा इष्टमित्र पाठीमागे ठेवून जाणारा माणूस भाग्यवान." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मला गहिवरून आलं.

बायका पदर डोळ्यांना लावत होत्या ते मी डिचोलीच्या आपल्या भेटीचं सांगितलं तेव्हा. शाळेतल्या आंब्याखाली आपण दोघे बसलो, एका कागदावर उंडे पाव आणि सुकी भाजी घेऊन जेवलो, जुनं सगळं बोलून मोकळे झालो, असं मी सांगितलं. आवाजही थोडा कापरा केला. ती भेट झालीच नव्हती. त्या मंडपात हे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तू हे वाचणार नाहीस म्हणूनच लिहायचं धाडस होतंय, हेही आधीच कबूल करतो.

आपण हळर्णला एकाच वाड्यावर वाढलो. तुझी उंची बेताची, रंग काळा, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. गावच्या वर्षाच्या नाटकात नायकाचं काम तुझ्या वाट्याला कधी आलं नाही आणि तू ते मागितलंही नाहीस. माझं पाठांतर चांगलं, पण लोकांसमोर उभं राहिलो की घसा सुकायचा. म्हणून मी विंगेत, हातात वही घेऊन प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की माझ्याकडे बघायचा आणि मी हळूच शब्द पुरवायचो. पंधरा वर्षं हे केलं. माझ्याशिवाय नाटक उभं राहत नाही, असं मला मनातून वाटायचं.

तुला त्या दूताचं काम मिळालं होतं, आठवतं? राजपुत्र रणात पडल्याची बातमी आणणारा दूत. दोन वाक्यं. तालमीत तू मला विचारलंस, "अंतो, हो दूत किती कोस धावून आयलो रे?"

"नाटकात तसं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"मगे मीच धावतंय."

आणि प्रयोगाला तू खरोखरच देवळाला तीन फेऱ्या मारून धापा टाकत रंगमंचावर आलास. गुडघ्यांवर बसलास. राजाकडे बघितलंस आणि बोललाच नाहीस. मला वाटलं, विसरलास. मी वाक्य सांगितलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने सांगितलं तेव्हा तू माझ्या बाजूचा हात किंचित उचललास. थांब म्हणून. आणि तुझ्या त्या धापांतूनच समोरच्या माणसांना कळलं की पोर गेलं. बाया रडायला लागल्या. मग तू उठलास आणि एक शब्द न बोलता आत आलास.

विंगेत आल्यावर मी तुला काय म्हणालो? "वाक्य गाळलंस."

तू हसलास. घामाने थबथबलेला होतास. "गाळलं रे. चुकलंच."

चुकलं नव्हतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण वही माझ्या हातात होती ना.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो, डिचोलीला नोकरी लागली. तू मुंबईला गेलास. दिवसा एका गोदामात माल मोजायचास, संध्याकाळी नाटकं. मग हळूहळू सिनेमात घुसलास. हवालदार, पोस्टमन, कंपाउंडर, वकिलाचा कारकून, मुलीचा बाप, बंगल्यातला जुना गडी. पुढे टीव्ही आला. आमच्या गावात पहिला टीव्ही बसवाल्या नाईकांच्या घरी. तू दिसलास की सगळे ओरडायचे, "जयो! जयो!" आणि तोवर तू गेलेला असायचास. बाहेरच्या लोकांना तुझा चेहरा ठाऊक होता, नाव नाही. मला ते बरं वाटायचं. लिहूनच टाकतो, बरं वाटायचं.

माझ्या धाकट्या मुलाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी मुंबईला आलो, तेव्हा तुझ्याच दोन खोल्यांत पंधरा दिवस राहिलो. सुनंदावहिनींनी स्वतःची खोली आम्हाला दिली. एक दिवस तू मला शूटिंग बघायला घेऊन गेलास. सकाळी आठला पोचलो. तुला मळकं धोतर नेसवून, केसांना पांढरा रंग लावून एका कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसवून ठेवलं. दुपार झाली. तुझी पाळी येईना. मी कंटाळून गेलो. तू मात्र सेटवरच्या स्वयंपाकघरात जाऊन तिथली भांडी हाताळत होतास, कुठलं कुठे आहे ते बघत होतास.

"कशाला?" मी विचारलं.

"तीस वर्षं ह्या घरात आहे ना मी. माका ठाऊक नको, मीठ खंय ठेवतात?"

पाचच्या सुमाराला तुला बोलावलं. नवरा गेलेली बाई खुर्चीत बसलीय. तू दारात यायचंस आणि म्हणायचंस, "बाईसाहेब, पान वाढलंय." एवढंच. तू दारात आलास, तिच्याकडे बघितलंच नाहीस. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलंस, मग जमिनीकडे, आणि ते वाक्य म्हणालास. त्या बाईच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दिग्दर्शकाने उठून तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी परतताना रस्त्यात तू दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलंस. तू विचारत नव्हतास, पण वाट बघत होतास. मी म्हणालो, "तू 'वाडलंय' म्हणालास. 'वाढलंय' हवं. ढ."

तू लगेच म्हणालास, "वाढलंय. वाढलंय." पूल ओलांडून घरापर्यंत तू ते घोकत आलास. वहिनींनी दार उघडलं तेव्हाही तुझ्या तोंडात तेच. त्या हसल्या, "वाढते, वाढते, आधी हात धुवा."

नंतर तुला एक मोठं काम मिळालं, चार-पाच प्रसंगांचं. म्हापशाच्या थेटरात तो सिनेमा लागला, तेव्हा मालती आणि मी, आम्ही नवराबायको गेलो. पडद्यावर तुझे ओठ हलले आणि भलत्याच माणसाचा आवाज आला. जाड, घोटलेला, पुण्याकडचा. मालती माझ्याकडे वळून म्हणाली, "हो आवाज जयरामभाऊंचो न्हय."

"उच्चार शुद्ध नसले की असंच होतं," मी म्हणालो.

तुझं पत्र आलं आठवड्याने. तू लिहिलं होतंस, "डबिंगला मला बोलावलंच नाही. बोलीचा वास येतो म्हणाले. तू इतकी वर्षं सांगत होतास, मीच कमी पडलो." जयरामा, त्या पत्राला मी काय उत्तर पाठवलं? दोन फुलस्केप कागद. घ, झ, ढ, भ असलेल्या शब्दांची यादी. रोज आरशासमोर वीस वेळा म्हणावेत, अशी खाली सूचना. चार ओळी दुसऱ्या लिहिता आल्या असत्या. सुचल्या नाहीत.

मग त्या कोकणी चित्रपटात तू काम केलंस. मुंबईतल्या चार गोवेकरांनी मिळून काढलेला, तासाभराचा. तू त्यात तारी होतास. नदीवर पूल झाला आणि होडी बंद पडली असा म्हातारा तारी. पणजीला तो दाखवला, तेव्हा मी शाळेत कामाचं कारण सांगून एकटाच गेलो आणि मागच्या रांगेत बसलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही, मालतीलाही नाही. तू पहिल्यांदा तोंड उघडलंस आणि मला माझ्या बाबांचा आवाज आला. आपल्या वाड्यावरच्या सगळ्या मेलेल्या म्हाताऱ्यांचा आवाज आला. तासभर मला तू दिसलाच नाहीस, तो तारीच दिसला. तुझं सगळ्यात मोठं काम ते. दिवे लागायच्या आधी मी उठून बाहेर आलो, कुणी ओळखू नये म्हणून.

वर्तमानपत्रात तुझी छोटी मुलाखत आली. तू म्हणालास, ह्या खेपेला मला तोंडात दुसऱ्याची जीभ धरावी लागली नाही, म्हणून काम बरं झालं असेल. तुझ्या मनात काहीच नव्हतं. मला मात्र ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ती दुसऱ्याची जीभ म्हणजे मी, असंच मला वाटलं. वीस वर्षं मी तुला जे शिकवलं, त्याच्याशिवाय तू सगळ्यात चांगला दिसलास, ह्याला मी काय करू?

आणि ते वर्षच तसं होतं. राजभाषा कोकणी की मराठी, ह्यावरून गोवा पेटलेला. रस्त्यांवर झाडं आडवी पाडलेली, बसगाड्या बंद, भिंतींवर घोषणा. एका घरात दोन भाऊ दोन बाजूंना. मी मराठीच्या बाजूने होतो आणि त्याची मला आजही लाज नाही. माझ्या आजाने पोर्तुगिजांच्या काळात पडवीत पोरं बसवून मराठी शिकवली होती. भजन, कीर्तन, नाटक, पत्र, सगळं आमचं मराठीत. कोकणी राजभाषेचा कायदा झाला की शाळेतून आपल्याला उठवतील, अशी खरीच भीती होती. लाज वाटते ती त्या भीतीच्या आडून मी जे केलं त्याची.

चवथीला, गणपतीत, तू गावात आलास आणि आमच्या घरच्या ओटीवर बसलास. मी सुरुवात केली.

"तू त्या कोकणीवाल्यांच्या हातात कोलीत दिलंस."

"मी? मी फकत होडी वल्हवली रे."

"उद्या शाळेतली मराठी गेली तर?"

"ती खंय जाता? तू आहेस ना थंय छडी घेऊन." तू हसवायला बघत होतास. मी हसलो नाही. मग तू सरळ विचारलंस, "अंतो, आईशी तू कुठल्या भाषेत भांडायचास?"

"घरातलं घरात. ती बोली. लिहायची-वाचायची भाषा वेगळी."

"बरं. मग माझं काम घरातलंच समज."

"असं समजून चालत नाही. माणसाने एका बाजूला उभं राहायला हवं."

तू काहीतरी बोलणार होतास. तोंड उघडलंही होतंस. तेवढ्यात पेडण्याची बस आली आणि तू पिशवी उचलून धावलास. तू काय बोलणार होतास, हे मी नंतर खूपदा माझ्याच मनाने रचून बघितलं. प्रत्येक वेळी तुला हरवूनच.

तुझा सत्कार आमच्या नाट्यमंडळाने आधीच ठरवला होता. भाषेचा वाद तापल्यावर काहीजण म्हणाले, रद्द करा. सचिव मी. मी म्हणालो, "रद्द नको. येऊ दे. लोकांनाच विचारू दे त्याला काय ते." सगळ्यांना वाटलं, मास्तरांनी मित्राची बाजू राखली.

रविवारची सकाळ होती. मंडप भरलेला. तू पांढरा सदरा घालून आला होतास, नवा, घडीच्या दुमडी तशाच. भाषणं झाली आणि प्रेक्षकांतून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या. अमक्या नटीशी बोललात काय, रडताना डोळ्यांत काय घालतात, असलंच सगळं. तू मजेत उत्तरं देत होतास. चौथी चिठ्ठी अध्यक्षांनी वाचली: "आपली भाषा कोणती? मराठी की कोकणी? स्पष्ट एका शब्दात सांगावे."

तू म्हणालास, "बघू." अध्यक्षांनी चिठ्ठी तुझ्या हातात दिली. तू कागदाकडे बघितलंस. ते अक्षर तू पंधरा वर्षं नाटकाच्या वह्यांत वाचलं होतंस. मग तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मी रंगमंचाच्या कडेला उभा होतो, सूत्रसंचालन माझंच होतं ना. जिथे विंग असते तिथेच.

तू चिडला नव्हतास. तू वाक्य मागत होतास. तुला दुसऱ्यांची वाक्यं बोलता यायची, स्वतःचं भाषण तुला कधी जमलं नाही. एक शब्द जरी मी पुरवला असता, "हा प्रश्न आज नको" एवढं जरी म्हणालो असतो, तरी निभावलं असतं. मी हातातले कागद चाळायला लागलो.

"माझी... माका..." तू सुरू केलंस. "म्हणजे घरात आमी... पण नाटक तर मी मराठीतच..."

मागून कुणीतरी ओरडलं, "धड एकही येत नाय!" आणि मंडप हसला. सगळा नाही, पण पुरेसा हसला. तू हात जोडलेस आणि खाली बसलास. शाल-नारळ घाईघाईने उरकलं.

जेवण आमच्या घरी ठरलं होतं. मालतीने खतखतं केलं होतं, मणगणं केलं होतं. तू आला नाहीस. कुणाच्या तरी स्कूटरवर बसून म्हापशाला गेलास. मालतीला कुणीतरी वाटेतच सगळं सांगितलं होतं. तिने तुझं वाढलेलं पान उचललं आणि मला एवढंच विचारलं, "तुमी आसलात न्हय थंय?"

होतो.

त्यानंतर दोन चवथी तू आला नाहीस. कोकणीचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, झाडं बाजूला झाली, बसगाड्या धावू लागल्या. शाळेतली माझी मराठी कुठेही गेली नाही, तोच फळा, तीच पोरं. भांडलेले भाऊ एकमेकांच्या लग्नाला जायला लागले. मी तुला पत्र लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा सुरुवातीलाच अडलो. 'चि.' लिहू की 'प्रिय', एवढ्यावर.

मग गेल्या वर्षी डिचोलीजवळच्या एका खाणीवर कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग आलं. जेवणाची सुट्टी होती. मी शिक्षकांच्या खोलीत डबा उघडून बसलो होतो. बाहेर पोरांचा गलका झाला, म्हणून जनेलातून बघितलं. फाटकापाशी तू उभा. खाकी कपडे, तोंडावर मेकअप, गालावर रंगवलेला व्रण. ट्रक-ड्रायव्हर असावास. पोरं तुझ्याभोवती जमलेली, "तो टीव्हीतलो!" करत. तू त्यांना गिअर टाकायची, ट्रक चढावर अडकल्याची नक्कल करून दाखवत होतास. पोरं लोळत होती. तू खूप वाळला होतास. मला वाटलं, भूमिकेसाठी असेल.

रघू शिपाई आत आला. "सर, तुमचो इष्ट आयलो. बोलावतात."

मी म्हणालो, "सर वर्गात आहेत म्हणून सांग."

रघूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. तो गेला. मी जनेलापासून मागे सरलो आणि डबा पुढे ओढला. थोड्या वेळाने तो परत आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सरांना सांग, मलाच थांबायला वेळ नाही. युनिट खोळंबलंय."

युनिट खोळंबलं नव्हतं. त्यांचीही जेवणाची सुट्टीच होती, हे मला नंतर कळलं. माझं खोटं तू स्वतःच्या अंगावर घेतलंस आणि गेलास. मी भाकरीचा उरलेला तुकडा खाल्ला.

आठ महिन्यांनी निरोप आला. पोटाचं दुखणं, बरेच दिवस होतं म्हणे. वहिनी आणि त्यांचा वेंगुर्ल्याचा भाऊ तुझ्या अस्थी घेऊन हळर्णला आले. शोकसभेच्या आधी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. बोलल्या त्याच.

"भावजी, डिचोलीला तुम्ही भेटलात ते फार बरं झालं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं तेव्हा. शूटिंगला जाऊ नका म्हणत होते मी. पण तिथून आले ते हसतच. म्हणाले, अंतोला भेटलो. शाळेतल्या आंब्याखाली बसलो, त्याने समोरच्या हॉटेलातून उंडे-भाजी मागवली, एका कागदावर जेवलो. अजून माझे उच्चार सुधारतो म्हणाले." त्या थोडं हसल्या. "सत्काराच्या सभेत झालं त्याबद्दल तुमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगत होते. त्या दिवसानंतर ते कधी त्या सभेचं बोलले नाहीत. मलाही त्याआधी फार राग होता तुमचा. खोटं कशाला सांगू? तो गेला."

जयरामा, तू ते सगळं तिच्यासमोर उभं केलंस. आंबा, कागद, भाजी, माझे डोळे. मला तू जे काम दिलंस ते माझ्यापेक्षा पुष्कळ चांगल्या माणसाचं होतं. आणि मी ते घेतलं. "हो वहिनी," मी म्हणालो. मग मंडपात जाऊन, माईकसमोर, तुझीच वाक्यं माझी म्हणून बोललो. घसासुद्धा सुकला नाही.

बारा दिवस मी धड जेवलो नाही, असं मालती म्हणते. तिला मी बाराव्याच्या आदल्या दिवशी सांगितलं. चिठ्ठीपासून फाटकापर्यंत सगळं. ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. शेवटी म्हणाली, "माका सांगून तुमी सुटलात. आता तिका सांगूंक जाशात. थोडो विचार करा, कोणाखातीर सांगतात ते."

मी विचार केला नाही. बारावं झाल्यावर घरामागच्या मांगराच्या बाजूला वहिनी एकट्या होत्या. मी सांगून टाकलं. चिठ्ठी माझी होती. डिचोलीला मी भेटलो नाही. मी आत होतो आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मध्ये कुठेही अडवलं नाही. त्यांचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला, आणि अर्ध्यावर आल्यावर मला कळलं की मी काय करतोय. तू जाता जाता तिला एक समाधान देऊन गेला होतास. नवऱ्याला शेवटी त्याचा मित्र मिळाला, एवढं. ते मी माझं ओझं उतरवायला काढून घेत होतो. पण सुरू केलं होतं, थांबता येईना.

त्या "बरं" म्हणाल्या आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना मुंबईच्या गाडीवर पोचवायला मी म्हापशाला गेलो. भाऊ वेंगुर्ल्याला परतला होता, दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला येऊ दिलं असावं. शुक्रवार होता, स्टँडवर बाजारकरणींची गर्दी. मी सामान वर चढवलं, पाण्याची बाटली आणून दिली. त्या खिडकीशी बसल्या. मला वाटलं, आता काही बोलतील, शिव्या देतील तर बरं होईल.

तुझ्याबद्दल एक गोष्ट मला त्यांना सांगायची होती. तू मोठा नट होतास, मी ते पहिल्या दिवसापासून बघितलं, तुला मात्र एकदाही म्हणालो नाही. मी खिडकीजवळ जाऊन ते बोललो. "वहिनी, जयराम फार मोठा नट होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आता सांगताय?"

ड्रायव्हर चढला. इंजिन सुरू झालं. त्या समोर बघत होत्या. मग एकदम वळल्या, जणू हाच एक प्रश्न त्यांना कालपासून टोचत होता.

"मग त्या दिवशी ते जेवले कोणाबरोबर?"

गाडी हलली, स्टँडच्या बाहेर पडली.

मला ठाऊक नाही, जयरामा. मला खरंच ठाऊक नाही.